मावशीच्या वाट्याची पिल्लं

काळ्याभोर मातीवर गुलाबी पिल्लं धावताहेत… आणि गुलाबी म्हणजे कमळाबिमळाचा सोज्वळ गुलाबी नव्हे. लग्नाच्या मांडवाला कागदी पताका लावतात ना, तसला डोळ्यांत घुसणारा, थोडासा निर्लज्ज गुलाबी. त्यांच्या आगेमागे, त्यांच्याच बरोबर अंड्यातून निघालेली पण रंग न लावलेली पिवळट-करडी भावंडं. आणि सगळ्यांच्या पुढे, पायांनी माती उधळत चाललेली तांबडी कोंबडी, जिला आपली निम्मी लेकरं अचानक अशी का झाली याचं काडीचंही नवल नाही. डोळे मिटले की आमचं परस मला अजून असंच दिसतं – फाल्गुनातलं, दुपारचं, चुलीतल्या राखेचा आणि उन्हात पसरलेल्या लाल मिरच्यांचा वास भरून राहिलेलं.

आमचं गाव तामसीच्या अंगाला. आदिलाबादला जायचं तर फाट्यावर बसची वाट बघत बसायचं. घराच्या पुढच्या खोलीत बाबांचं किराणा दुकान होतं. तिथे निम्मी गिऱ्हाइकं मराठीत घासाघीस करत, निम्मी तेलुगूत, आणि बाबा दोघांनाही हिंदीत नाही म्हणत. मागचं परस मात्र आईचं. तिथे चूल, न्हाणी, शेवग्याचं झाड, आणि लागूनच सुभद्रामावशीचं परस. मध्ये भिंत नव्हती, कूड नव्हता. दोन घरांच्या मागच्या दारांना जोडणारी एक पायवाट होती, दोघींच्या पायांनीच मळलेली. मावशी आमच्या नात्याची कोणी नव्हे. पण आईला त्या साऱ्या गावात मैत्रीण म्हणून ती एकच. सकाळी चुलीवर चहा उकळला की ती न बोलावता यायची, हाताला लागेल त्या पेल्यात ओतून घ्यायची, चुलीपाशी उकिडवी बसून प्यायची आणि पेला विसळून पालथा घालून जायची. मला तर लहानपणी बराच काळ असंच वाटे, की ती आमच्याच घरात राहते आणि झोपायला तेवढी पलीकडे जाते.

तर ती तांबडी कोंबडी होती मावशीची. मावशीच्या परसात वांग्या-टोमॅटोची रोपं. कोंबडीनं ती सगळी उकरून ठेवली असती. म्हणून तिनं कोंबडी आमच्याकडे अर्धलीनं दिलेली. अर्धल म्हणजे कोंबडी एकीची, अंगण आणि दाणा दुसरीचा, आणि निघतील ती पिल्लं निम्मी-निम्मी. आमच्याकडे ही रीत जुनीच. पण गावात बाकी सगळे वाटणी करत ती पिल्लं मोठी झाल्यावर. आणि तोवर मेली ती कुणाच्या वाट्याची, जगली ती कुणाच्या, यावरून कित्येक घरांची तोंडं कायमची फिरलेली. या दोघी शहाण्या! त्यांनी ठरवलं, आपल्यात असलं काही व्हायलाच नको. पिल्लं निघाली त्याच दिवशी वाटणी करायची आणि मावशीच्या वाट्याला खूण करायची. पोळ्याला बैलांच्या अंगावर ठपके मारायला आणलेला गुलाबी रंग मावशीकडे उरला होता. तो वाटीत कालवून तिनं आपली पिल्लं एकेक करून त्यात अलगद बुडवून काढली आणि उन्हात वाळत ठेवली. "पाह्य वो शांते," ती आईला म्हणाली, "आता जन्मात भांडन नाई आपलं." दोघी खूप हसल्या. मीही हसले. रंगाची बोटं फ्रॉकला पुसली म्हणून मार खाल्ला, तो वेगळा.

आणि मग पिल्लं जाऊ लागली.

पहिलं गेलं तेव्हा आई नुसती चुकचुकली. दुसरं गेलं तेव्हा तिनं बिळं बुजवली, पेंढ्या हलवल्या, परसात दिसेल त्या भोकात जळता बोळा कोंबला. मुंगूस असेल, रानमांजर असेल, नाल्याकडून येणारी धामण असेल… मला तर पर्वणीच होती. मी त्या वयात संशयाची भारी शौकीन. शाळेतून आले की दप्तर भिरकावून तपासाला निघायची. मास्तरीणबाईंचं लठ्ठ मांजर, दारोदार सुया-पोत विकणारी म्हातारी, समोरच्या घरचा सदा खोकणारा जावई – गावातला एकही जीव मी सोडला नाही. जावयावर माझा विशेष रोख होता, कारण मी रोखून पाहिलं की तो जास्तच खोकायचा.

पण पिल्लं जातच राहिली. आणि एके दिवशी दाणे टाकता टाकता आईचा हात थांबला. कोंबडीभोवतीचा तो गोंधळ तिनं नीट पाहिला. गुलाबी पिल्लं होती तेवढी होती. गेली होती ती सगळी आमची.

संध्याकाळी बाबांचं ताट वाढताना आई बोलली.

"मुंगसाले काय मालूम, कोनाचं पिल्लू कोनतं?"

बाबांनी घास हातात धरला. "म्हंजे?"

"म्हंजे रंग पाहून चोरी करनारं जनावर चार पायांचं नसते."

बाबा गडबडीने तोंडात घास घालायचे आणि सावकाश बोलायचे. "कोनाचं नाव घिऊ नोको बिनाकामाचं. अगोदर तहकीकात करा. पंचनामा करा. मंग बोला."

"मी कोनाचं नाव घेतलं?" आई म्हणाली. आणि खरंच, तिनं ते नाव अखेरपर्यंत एकदाही उच्चारलं नाही. पण त्या संध्याकाळपासून ते नाव आमच्या घरात आलं, चुलीपाशी येऊन बसलं, आणि सकाळी खरी मावशी चहाला आली तेव्हा तिच्या शेजारी तेही होतं.

आता मला कामगिरी मिळाली. विरजण माग, कढीपत्ता माग, चाळणी परत कर – दर वेळी निमित्त वेगळं, हुकूम एकच: "नीट पाहून ये." मी मावशीच्या घरात शिरायची आणि नाक वर करून उभी राहायची. अंबाडीच्या भाजीचा आंबूस वास, भाकरीच्या करपल्या कडेचा, चुलीमागे टांगलेल्या लसणाचा, ओल्या गोणपाटाचा… कोंबडीचा वास कधीही येत नव्हता. तेच मला फार संशयास्पद वाटे. इतकं निर्दोष घर कोणाचं असतं? मावशी म्हणायची, "काय वास घेऊन राह्यली वो बबे, मांजरीसारकी? भूक लागली काय?" आणि माझ्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायची. ते मी खायची. खाता खाता तिच्या चुलीमागे पिसं शोधायची. आपण तिच्या घरचं खातो आहोत आणि तिच्याच घराची झडती घेतो आहोत, यात काही विसंगती असते हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला ते फक्त थरारक वाटे.

शेवटी आईनं परसातल्या मोकळ्या जागेला कुंपण घालायचं ठरवलं. तूर निघून गेलेली, गावभर तुराट्यांचे ढीग पडलेले. बाबांनी दुपारी दुकानाची फळी लावली आणि काम हाती घेतलं. बांबूच्या खुंट्या ठोकल्या, त्यांना तुराट्या उभ्या लावून काथ्यानं घट्ट विणल्या, मुंगसानं खालून उकरू नये म्हणून बुडाशी चपटे दगड पुरले. वाळक्या तुराट्यांना एक गोडसर, भुकटीसारखा वास असतो. तो नाकात गेला की मला अजून शिंक येते आणि बाबा आठवतात, तोंडात काथ्याचं टोक धरून खुंट्यांशी रागानं पुटपुटणारे. तीन बाजूंना नुसत्या तुराट्या. चौथ्या बाजूला – मावशीच्या बाजूला – आईनं बोरीचे फास, म्हणजे वाळक्या काटेरी फांद्या, आणवले आणि पायवाटेवर आडवे टाकले.

पलीकडे मावशी रोपांना पाणी घालत होती. तिनं तांब्या खाली ठेवला.

"काऊन वो बाई, येवढे काटे माह्याच अंगानं काऊन?"

"मुंगूस तिकूनच येते," आई म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

"अवो बाप्पा! मंग त्याले सांग म्हनाव, पुढच्या दारानं येत जा."

हे तिनं हसत म्हटलं. पण मी तिच्याकडे बघत होते, बघणं हाच माझा धंदा होता, आणि हसताना तिचे डोळे त्या काट्यांवरून आमच्या मागच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. काहीतरी मोजल्यासारखे. बाबा उगाचच खुंटी ठोकत राहिले, ती आधीच पुरती आत गेलेली असतानाही.

मावशी मग चहाला आली नाही. आली ती एकदाच, तिसऱ्या प्रहरी, रस्त्याकडून वळसा घालून, पदरात तांदळाची कणी घेऊन. कोंबडी तिची होती. बघायचा हक्क होता. कुंपणाचं फाटक उघडून आत वाकली, कणी टाकली, "मोठे झाले वो," म्हणाली आणि गेली. त्याच संध्याकाळी आमच्या वाट्याचं आणखी एक पिल्लू नव्हतं.

झालं! याहून मोठा पुरावा कोणाला हवा होता? आई चुलीपुढे बसली होती. जाळाच्या उजेडात तिचा चेहरा असा दिसत होता, की मला पहिल्यांदाच या खेळाची भीती वाटली.

"बाजाराच्या दिवशी तिची कोंबडी तिच्या दारात नेऊन सोडतो," ती म्हणाली. "तिचे पिल्ले तिले. आपला काई संबंध नाई मंग."

"काईच नाई?" मी विचारलं. "मावशीकडे जायाचं नाई?"

"कायले जायाचं?"

मला तोवर वाटत होतं, की चोर पकडला की टाळ्या होतात. चोर पकडला की मावशी जाते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तरी पकडायचं तर होतंच. बाजाराच्या आदल्या दिवशी शाळेला सुट्टी होती. आईनं मला शेवग्याखाली बसवलं, तुराट्यांच्या फटीतून आतलं सगळं दिसेल अशा बेतानं. "हालू नोको. कोन येते ते पाह्य." ऊन तापलेलं. दूर शेताच्या बांधावर पळस पेटलेले, आणि वाऱ्याबरोबर कुठून तरी मोहाचा जडावलेला वास येत होता. तो असा, की डोळे आपोआप मिटावेत. मी डोळे फाकून फाटकाकडे पाहत होते. फाटक हललं नाही. काटे हलले नाहीत. पलीकडे मावशीच्या दाराला तर कडीच होती.

एकाएकी कोंबडी ओरडली. साधी कूक-कूक नव्हे. घशातून खरवडून काढलेली एक लांब किंकाळी. मातीवरून एक सावली सरकली – इतकी झपाट्यानं, की ती सावली आहे हे कळायच्या आत ती निघून गेली होती. मी वर पाहिलं. घार! पंख न हलवता, शेपूट किंचित तिरकी करून, ती आमच्या परसावर एक वळण घेत होती, बाजारात वांगी निवडणाऱ्या बाईसारखी निवांत. खाली पिल्लांची पळापळ. कोंबडीच्या पंखांखाली शिरायला सगळ्यांची झुंबड. मागे राहिली दोन – एक गुलाबी, एक करडं. गुलाबी तर अगदी उघड्यावर, चोच वासून चिवचिवत उभं. घार खाली आली… त्या गुलाबी पिल्लाच्या अंगावरून गेली, तिचा वारा त्याला लागला असणार, ते कोलमडलंदेखील… आणि पुढचं करडं उचलून ती कुंपणावरून वर चढली. तेवढं सुंदर आणि तेवढं भयंकर मी तोवर काही पाहिलं नव्हतं. आम्ही चारी बाजूंनी इतकं बंदोबस्तानं कुंपण घातलं होतं आणि वरचं सगळं आभाळ मोकळं सोडलं होतं.

आईला खरं वाटलं नाही. "घारीले रंग समजते काय?" ती म्हणाली. मी शपथा घेतल्या, हात पसरून अंगणभर घारीचा अभिनय केला, पिल्लू म्हणून रडले, कोंबडी म्हणून ओरडले. बाबा दुकानातून आले आणि म्हणाले, "पोट्टीले उन्हाची भवळ आली." मग आई स्वतःच जाऊन शेवग्याखाली बसली, मांडीवर निवडायचं सूप घेऊन. ऊन कलायच्या आत घार परत आली. या वेळी आई ओरडत, सूप भिरकावत धावली, त्यामुळे पंजा रिकामा गेला. पण तिनं पाहिलं. वाटेतलं गुलाबी सोडून घार कशावर झेपावली, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं. घारीला तो रंग खाण्याचा वाटला नसेल, विषारी वाटला असेल, कोण जाणे… सांडलेल्या डाळीत आई बराच वेळ उभी राहिली. मी आनंदानं नाचत होते – मावशी सुटली! मावशी सुटली! – आणि आई नाचत का नाही, ते मला कळत नव्हतं.

परसावर घालायला जाळं हवं होतं. तळ्यावरच्या मासेमारांना उद्याच्या बाजारात सांगितलं तरी ते पुढच्या बाजाराला मिळालं असतं. पण तोवर घार थांबणार नव्हती आणि दिवसभर डालग्याखाली कोंडली तर पिल्लं मलूल होत. हाताशी उपाय एकच. आणि तो होता मावशीच्या घरात, वाटीत, वाळलेला.

पायवाटेवर काटे होते. आई पुढच्या दारानं निघाली, दुकानातून, गिऱ्हाइकांमधून, रस्त्यानं. मी मागे. मावशी नुकतीच मळ्यातून आलेली, ओसरीवर पाय धूत होती.

"सुभद्रे, रंग हाय काय वो?"

"कोनता रंग?"

"पोळ्याचा. गुलाबी. पिल्लांले लावाले."

मावशीनं पाय धुवायचे थांबवले. "माह्या पिल्लांले तं लावला हाय."

"आमच्या लावाले पाह्यजे."

"सब्बन एकाच रंगाचे?" मावशी हसली, पण नेहमीसारखं नव्हे. "मंग माहे कोनते नं तुहे कोनते? असं वाटा कसा होईन बाई?"

आईनं मग सांगितलं. घार कशी येते, गुलाबी कसं सोडते, करडंच कसं उचलते. सगळं नीट, ओळीनं सांगितलं. पण घाईघाईत सांगितलं. "तुहे बचले ते रंगामुळं. आमचेच गेले सारे, म्हनून मी…"

ती थांबली, पण उशिरा थांबली.

मावशीनं आईकडे पाहिलं. मग वळून आमच्या परसाच्या दिशेनं पाहिलं. तिच्या ओसरीवरून बोरीचे काटे स्वच्छ दिसत होते.

"म्हंजे मुंगूस मी होती काय वो शांते?"

मी आईचा हात ओढत होते – सांग ना, नाही म्हण ना! – आणि आई त्या काट्यांकडेच बघत होती.

मावशी उठली. आत गेली. भांडी वाजली. आता ती दार लावून घेणार असं मला वाटलं. ती वाटी घेऊन आली, तिच्यात पाणी घालून कालवलेली. "चाल," म्हणाली, "अंधार होईन."

दोघींनी मिळून पिल्लं रंगवली. फाटकाच्या आत उकिडव्या बसून, समोरासमोर. मी पकडून द्यायची, मावशी बुडवायची, आई पदरानं टिपायची. आमची थोडीच उरली होती. काम लवकर संपलं. एरवी त्या दोघी एकमेकींना वाक्य पुरं करू देत नसत. त्या संध्याकाळी फक्त पिल्लं चिवचिवत होती. शेवटी आई म्हणाली, "जे जगतीन ते दोघींचे. तू पाह्यजे ते घे."

"नाई," मावशी म्हणाली, "बरोब्बर वाटा करू." आणि गुलाबी झालेले हात तिनं आमच्या रांजणातल्या पाण्यानं धुतले नाहीत, तसेच घेऊन घरी गेली.

पिल्लं जगली. पुढे जाळं आलं, बाबांनी ते कुंपणावर ताणून बांधलं आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला घारीची गोष्ट अशी सांगितली, की जणू शेवग्याखाली तेच बसले होते. आईनं त्याच आठवड्यात बोरीचे काटे स्वतः ओढून काढले. बोटांत काटे रुतले, ते सुईनं टोकरत बसली. पायवाट मोकळी झाली. आम्ही वाट पाहिली.

पिल्लं मोठी झाली, रंग झडला, मूळची तांबडी-काळी पिसं आली. वाटणीच्या दिवशी मावशी आली. तिनं एकेक कोंबडं उचललं, पंख उघडून पाहिलं, पाय दाबून पाहिले, आणि मग निम्मी मोजली. पुन्हा मोजली. पूर्वी तिनं आमच्या घरातली कुठलीच गोष्ट मोजली नव्हती. वाटा अगदी बरोबर झाला, कुणाच्याही मनात तिळाएवढी शंका राहू नये असा. आई बाजूला उभी राहून मान डोलावत होती – हाव, बरोब्बर, हाव – आणि मला मात्र वाटत होतं, की मावशीनं एखादं तरी चोरून न्यावं.

आता कोंबड्या कोणी पाळत नाही; दुकान भाऊ चालवतो, परसात बोअर आहे, फरशी आहे. आई आहे. मावशीही आहे, गुडघ्यांनी थकलेली. त्यांच्यात कधी भांडण झालं नाही. लग्नाकार्यात, दुखण्याखुपण्यात दोघी एकमेकींसाठी उभ्या राहिल्या. बाबा गेले तेव्हा मावशीच पहिली आली, आणि तेराव्यापर्यंत रोज आली. गावात विचाराल तर सगळे सांगतील, मैत्रीण असावी तर अशी.

मागच्या महिन्यात मी गेले होते. सकाळी पुढच्या दारात चपला वाजल्या. मावशी रस्त्यानं वळसा घालून आलेली, धापा टाकत, उंबऱ्याच्या बाहेर भिंतीला हात टेकून उभी. आईनं लगबगीनं खुर्ची पुसली, कपाटातला कपबशीचा चांगला जोड काढला.

"येऊ काय वो?" मावशीनं विचारलं.

"ये नं," आई म्हणाली. "इचारते काय?"

इतकी वर्षं आई दर वेळी हेच म्हणते. आणि मावशी दर वेळी विचारते.